गाडी ऑइल खाते? इंजिन खोलायच्या आधी हे करून पाहा

शेजारच्या गावातल्या एका पोराच्या हाती गेल्या वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे आले आणि त्यानं सेकंड हँड पेट्रोल गाडी घेतली. दोन महिन्यांत त्याचा फोन आला. "दादा, गाडी ऑइल खाऊन राह्यली. मिस्त्री म्हणते, इंजिन उतरवाच लागते." मी विचारलं, "किती खाते?" तो म्हणाला, "लयच खाते." किती किलोमीटरला किती ऑइल, हे त्याला सांगता येईना. मिस्त्रीनंही विचारलं नव्हतं.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. पहिलीच गाडी, राहणं गावात, आणि मोठं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर अमरावती नाहीतर अकोला. अशा वेळी जवळचा मिस्त्री म्हणेल ते खरं मानावं लागतं. पण इंजिन खोलणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. त्याआधीची बरीचशी तपासणी घरच्या अंगणात होते, तिला पैसा फारसा लागत नाही, आणि बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथंच सापडतं.

आधी पट्टी बघायला शिका

डिपस्टिक, म्हणजे मिस्त्री जिला ऑइलची पट्टी म्हणतात ती. तिच्यावर खाली एक खूण असते आणि वर एक. खालच्या खुणेखाली ऑइल गेलं तर धोका, वरच्या खुणेच्या वर गेलं तरी धोका. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरच्या आसपास असतं. छोट्या इंजिनात थोडं कमी.

गाडी सपाट जागी हवी. आपल्या घरासमोरचं अंगण पावसाचं पाणी जावं म्हणून उतारावरच असतं, तिथं मोजलं तर आकडा चुकतो. मी जिनिंगच्या वजनकाट्याजवळच्या सिमेंटवर मोजतो. इंजिन गरम झालेलं असावं, बंद करून दहा मिनिटं थांबावं, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतं. पट्टी काढा, जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढा आणि मग वाचा. पहिल्यांदा काढलेली पट्टी कधीच वाचू नका, तिच्यावर वरपर्यंत ऑइल लागलेलं असतं. फडकं स्वच्छ हवं. शेतातून आल्यावर खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पट्टी पुसली की त्यातली माती सरळ इंजिनात जाते.

दर वेळी त्याच जागी आणि तेवढंच थांबून मोजायचं. कधी सकाळी थंड इंजिनावर, कधी बाजारातून आल्याबरोबर, असं मोजलं की गाडी एका आठवड्यात ऑइल खाते आणि पुढच्या आठवड्यात खात नाही असं दिसतं.

डॅशबोर्डावरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवू नका, हे मी स्वतःचं नुकसान करून शिकलो. तो दिवा ऑइलची पातळी सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. तो लागतो तेव्हा पंपाला ओढायलाच ऑइल पुरत नसतं. माझी पहिली गाडी रोज चाळीस-पन्नासच्या वेगानं चालायची, परतवाडा, अचलपूर, अंजनगाव एवढंच. एका लग्नाला कारंजाहून समृद्धीवर चढलो आणि सतत शंभरच्या वर चालवली. मेहकरच्या अलीकडे दिवा लुकलुकला. वळणावर लागायचा, सरळ रस्त्यावर विझायचा. मला वाटलं वायर ढिली असेल. पुढचं इंटरचेंज येईस्तोवर खालून टक-टक आवाज सुरू झाला होता. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं गेली, क्रँकला चरे पडले. निघायच्या आधी पट्टी पाहिली असती तर एक लिटर ऑइलमध्ये ते इंजिन वाचलं असतं. इंजिन जास्त फिरतं तसं ऑइलही जास्त जळतं, म्हणून गावात महिनाभर काहीच न खाणारी गाडी समृद्धीवर एका दिवसात पातळी खाली आणू शकते. दिवा लागला तर त्याच क्षणी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत" हा विचारसुद्धा नको.

पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर तीही आनंदाची गोष्ट नाही. बीएस-६ डिझेल गाडी, म्हणजे एप्रिल 2020 पासूनची, रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर सायलेन्सरमधली धुराची जाळी (डीपीएफ, काजळी अडवणारा फिल्टर) साफ करताना फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. ते ऑइल पातळ झालेलं असतं, बदलूनच टाकावं लागतं.

एक वही करा

माझा सगळ्यात जास्त जोर या पायरीवर आहे. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, मीटरचं रीडिंग लिहा, तारीख लिहा. दर पाचशे किलोमीटरला पट्टी बघा. पुन्हा वरच्या खुणेपर्यंत आणायला किती मिली लागलं ते मोजून भरा. मोजायला औषध फवारणीचं मिलीच्या खुणा असलेलं माप चांगलं, पण ते नवं कोरं घ्या. कीटकनाशकाचं वापरलेलं माप घरात किंवा गाडीत आणू नका.

बाराशे किलोमीटरला चारशे मिली गेलं, तर हजाराला सव्वातीनशेच्या आसपास. असे निदान दोन-तीन आकडे हाती येऊ द्या. गाडीचे कारखानेसुद्धा थोडं ऑइल जळणं धरूनच चालतात, कित्येक गाड्यांच्या पुस्तकात हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतची मर्यादा लिहिलेली सापडते. माझा स्वतःचा हिशेब त्याहून कडक आहे. जुन्या गाडीनं हजाराला दोन-अडीचशे मिली खाल्लं तर मी फक्त लक्ष ठेवतो. चारशे-पाचशेच्या पुढे गेलं की कारण शोधायला लागतो. लिटरकडे सरकलं तर मात्र दुरुस्ती टाळत नाही, कारण जळालेल्या ऑइलची राख सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि डिझेलमध्ये धुराची जाळी, चोक करते. तो खर्च वेगळा बसतो.

वहीचा दुसरा उपयोग मिस्त्रीकडे होतो. "लय खाते" म्हटलं की तो अंदाज बांधतो. "दीड हजार किलोमीटरला सहाशे मिली, धूर फक्त सकाळी" असं सांगितलं की तो विचार करतो. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतं.

गळते की जळते?

ऑइल दोनच वाटांनी जातं, गळून नाहीतर जळून. गळती शोधणं सोपं आणि दुरुस्ती बहुतेक वेळा स्वस्त, म्हणून आधी तिथं बघा.

रात्री गाडी उभी करताना इंजिनाखाली संत्र्याच्या पेटीचा मोठा पुठ्ठा सरकवा. त्यावर खडूनं पुढच्या चाकांची बाजू लिहून ठेवा, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते कळेल. काळपट, बोटाला चिकट तो ऑइलचा. हिरवा किंवा लालसर आणि पाण्यासारखा पातळ तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणजे गळत नाही असं नाही. कित्येक गळत्या इंजिन गरम असताना, गाडी चालतानाच होतात, आणि ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडून जळून जातं. थांबल्यावर बॉनेटमधून जळका वास येत असेल तर तेच समजा. त्यासाठी इंजिन बाहेरून डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडं करा आणि शंका असलेल्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. डिझेलचं फडकं गरम इंजिनावर कधीही नको, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चावी लावू नका. वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. पांढऱ्या पावडरीत काळी ओली रेघ जिथून निघते ती जागा पक्की. पावसानं भिंतीवर उमटलेल्या ओघळासारखी ती दिसते, आणि ओघळाचं वरचं टोकच बघायचं असतं. खाली चेंबरवर थेंब लोंबत असतो म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलतात, आणि ऑइल खरं तर वरून टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, येत असतं.

बघायच्या जागा: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरचं रबर, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील. आपल्याकडे आणखी एक आहे, चेंबर स्वतः. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं शेतापर्यंत गाडी नेली आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर दगड असला की चेंबरला ठोका बसतो. बारीक चीर पडते आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय चेंबर आत दबलं तर ऑइल ओढणाऱ्या जाळीचं तोंड बंद व्हायची भीती असते. ठोका बसला असं वाटलं की त्याच दिवशी खाली वाकून बघा.

त्या पोराच्या गाडीत पावडरीनं टॅपेट कव्हर दाखवलं. पॅकिंग कडक होऊन काचेसारखं तुटत होतं. नवं बसवलं, पंधरा दिवस कोरडं राहिलं, आणि पुन्हा ओलं झालं. मिस्त्री पुन्हा इंजिन उतरवायचं म्हणू लागला. खरं कारण होतं पीसीव्ही व्हॉल्व्ह.

हा व्हॉल्व्ह छोटा असतो, पण समजून घेण्यासारखा आहे. पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली चेंबरकडे उतरतो. तो साचून राहू नये म्हणून या व्हॉल्व्हमधून तो परत हवेच्या पाइपात ओढला जातो. व्हॉल्व्ह काजळीनं चोक झाला की आत दाब वाढतो, आणि तो दाब जिथं कमजोर जोड मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. नवं पॅकिंगही टिकत नाही. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर उलटं होतं, तो ऑइलच ओढून जाळायला देतो. बऱ्याच जुन्या पेट्रोल गाड्यांत तो टॅपेट कव्हरवर खोचलेला असतो. काढून हलवा, आतून खुळखुळ आवाज यायला हवा. इंजिन चालू असताना तोंडावर बोट ठेवा, बोट ओढल्यासारखं व्हायला हवं. त्या पोराचा व्हॉल्व्ह हलवला तर चकार आवाज नाही. बदलला, पॅकिंग पुन्हा बसवलं, आणि वहीतला आकडा हजाराला साडेचारशेवरून शंभराच्या खाली आला. इंजिन अजून उघडलेलं नाही.

धूर काय सांगतो

गळती नसेल तर ऑइल जळतंय. त्यासाठी दुसरा माणूस हवा, जो मागं उभा राहून सायलेन्सरकडे बघेल. धूर सकाळच्या उन्हात, गडद पार्श्वभूमीवर चांगला दिसतो.

निळसर धूर ऑइलचा. दाट पांढरा आणि गोडसर वासाचा, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर कूलंट जळत असल्याची खूण, तिथं हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधल्या पॅकिंगची, शंका घ्या आणि ऑइलच्या झाकणाखाली चहासारखा दुधाळ लगदा आहे का बघा. हिवाळ्यात कमी चालणाऱ्या गाडीत झाकणाखाली नुसत्या दमटपणानंही थोडी साय धरते, म्हणून पट्टीवरचं ऑइलही दुधाळ आहे का ते पाहूनच घाबरा. काळा धूर म्हणजे जास्तीचं इंधन, त्याचा ऑइलशी संबंध नाही.

निळा धूर कधी येतो यावरून बरंच कळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली, एक लोट निघाला आणि मिनिटाभरात बंद झाला, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं ऑइल अडवणारं रबर. रात्रभरात ऑइल थेंब-थेंब व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरलेलं असतं. याची दुसरी परीक्षा आमच्याकडे सोपी आहे. चिखलदऱ्याचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी उतरवा आणि परतवाड्याच्या बाजूला सपाटीला आल्यावर ॲक्सिलरेटर द्या. त्या क्षणी मागे निळा लोट उठला तर सील नाहीतर व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून वर-खाली होतो ती नळी. घाट उतरताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि ऑइल वरून खाली ओढलं जातं. बुलढाण्याकडच्यांना राजूर घाट आहेच. घाट नसेल तर लांब उताराचा कुठलाही पूल चालेल, पण मागून गाडी येत नसताना.

चढावर, भार असताना, गाडी दाबली की निळा धूर आणि तो सुरूच राहतो, तर रिंगांकडे, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांकडे, बोट जातं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण फिरवा आणि उलटं तसंच ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उड्या मारायला लागलं आणि खालून धुराचे फुगे आले तर रिंगांतून दाब खाली जातोय. चेहरा लांब ठेवा, गरम ऑइलचे शिंतोडे उडतात.

टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीत टर्बोचं सील हा तिसरा संशयित. हवेच्या पाइपात ऑइल साचलेलं दिसतं. डिझेलमध्ये हे दुर्लक्षू नका. टर्बोतून ऑइलचा ओघ सुटला तर इंजिन त्याच ऑइलवर स्वतःच पळायला लागतं आणि चावी काढूनही थांबत नाही. तसं झालं तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

स्वस्त उपाय आधी

रिंगा गेल्यासारख्या वाटल्या तरी लगेच हात घालू नका.

एअर फिल्टर बघा. काळ्या मातीची उडणारी धूळ, मळणीचं भूस, कापसाचा बारीक तंतू, आणि वणी-चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी. ही धूळ आत गेली तर रिंगा आणि सिलिंडर खरवडून काढते. पुस्तकात लिहिलेली मुदत शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी असते, आपण निम्म्या अंतरावर बघावं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं पूर्ण दाबात फुंकायची सवय सोडा, कागदाला टाचणीएवढी भोकं पडतात. फुंकायचंच तर आतून बाहेर, लांबून. मग फिल्टर उन्हाकडे धरा. कुठं एक जरी तेजस्वी ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्या.

ऑइलचा ग्रेड पुस्तकात आहे तोच घ्या. 15डब्ल्यू-40 मधला पहिला आकडा थंडीत सुरू होतानाचा, दुसरा गरम इंजिनातला. आपला पारा हिवाळ्यात आठ-दहापर्यंत उतरतो, म्हणून पहिल्या आकड्यासाठी जीव टाकायची गरज नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा दुसरा महत्त्वाचा. जुन्या इंजिनाला पुस्तक परवानगी देत असेल तर एक पायरी जाड ऑइल वापरून फरक पडतो. परवानगी नसताना थेट 20डब्ल्यू-50 ओतू नका, नव्या इंजिनांच्या बारीक वाटांत ते वेळेवर पोहोचत नाही. डबा सीलबंद आहे का बघून, ओळखीच्या दुकानातून, बिलासह घ्या. रिकामा डबा सुरीनं कापूनच फेका, म्हणजे त्यात नकली भरून पुन्हा कुणी विकणार नाही.

जास्त भरलेलं ऑइलही जळतं. क्रँक त्यात बुडून फेस करतो. वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढून टाका.

कधीकधी रिंगा झिजलेल्या नसतात, काजळीनं खोबणीत अडकलेल्या असतात. ज्या गाडीचं ऑइल वर्षानुवर्षं उशिरा बदललं गेलं तिच्यात हे फार. चांगलं ऑइल घालून दोन-तीनदा लवकर, दोन-तीन हजारांवर बदलून पाहा, कित्येकदा आकडा हळूहळू खाली येतो. फ्लशिंगचं औषध मात्र फार जुन्या, आत चिखल साचलेल्या इंजिनात मी घालत नाही. सुटलेला गाळ जाळीत अडकला तर ऑइलच वर चढत नाही. धूर बंद करणाऱ्या बाटल्या ऑइल नुसतं जाड करतात, आणि गाडी विकायच्या आठवड्यातच त्या जास्त खपतात. म्हणून सेकंड हँड गाडी बघायला सकाळी न कळवता जा आणि थंड इंजिन स्वतः सुरू करा.

खोलायच्या आधी कॉम्प्रेशन

मिस्त्रीला सांगा, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघू. पेट्रोल इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, इंधन बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण दीडशे ते दोनशे पीएसआय येतात, आणि सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ असावे लागतात. एखाद्यात कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. डिझेलला वेगळा मोठा गेज लागतो आणि ही ऑइल टाकायची युक्ती तिथं करायची नाही.

पण हे लक्षात असू द्या: कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंगा चांगल्या असं नाही. दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडते ती तिसरी, आणि ती अडकली तरी आकडा उत्तम येऊ शकतो. प्लग काढलेच आहेत तर त्यांची टोकं बघा. एकच प्लग ओला-काळा असेल तर दुखणं त्याच सिलिंडरमध्ये आहे. आणि ऑइल प्लगच्या वरच्या खळग्यात साचलं असेल तर तो टॅपेट कव्हरमधल्या सीलचा दोष, रिंगांचा नाही.

खोलावंच लागलं तर

व्हॉल्व्ह सील बदलायला पुष्कळ गाड्यांत हेड उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून स्वच्छ दोरी आत सोडून पिस्टन हळू वर आणला की दोरी व्हॉल्व्हला खालून आधार देते आणि स्प्रिंग काढता येते. जुने मिस्त्री हे जाणतात, विचारून बघा. गाइड सैल असतील तर नुसतं सील सहा महिनेही टिकत नाही, हेही त्याला विचारा.

रिंगा बदलायच्या असतील तर बोअर गेजनं सिलिंडर मोजल्याशिवाय हो म्हणू नका. सिलिंडर वर-खाली किंवा अंडाकृती झिजला असेल तर नव्या रिंगा त्यात बसणारच नाहीत, लेथवर बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिमी मोठे पिस्टन घालावे लागतात. माप चांगलं निघालं तर होनिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून हलकेच घासून, रिंगा. काढलेलं सगळं सामान परत मागा आणि रिंगा हातात घेऊन बघा, ऑइलच्या रिंगेची भोकं काजळीनं बुजलेली दिसतात. निघालेलं जळकं ऑइल विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका, गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये जाऊ द्या.

पहिले हजार किलोमीटर पाच माणसं आणि डिक्कीत पोती असं नको, समृद्धीही नको. एकाच वेगानं तासभर न चालवता कमी-जास्त करत चालवा. पाचशेवर ऑइल आणि फिल्टर बदला. त्या ऑइलमध्ये उन्हात धरलं तर बारीक चमक दिसते, ती नव्या धातूची. हजारावर पुन्हा बदला, वरच्या खुणेपर्यंत भरा, आणि वहीचं नवं पान उघडून मीटरचा आकडा लिहा.